अनिवार्य इंग्रजीचा पेपर आणि खोडलेल्या दोन ओळी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, पंचविशीतील वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे शालेय शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले आणि पदवी मराठी साहित्याची आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा त्या दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या असून मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून देणार आहेत. भाषांच्या पेपरांना अकरा आठवडे उरले आहेत आणि अनिवार्य इंग्रजीच्या धास्तीने बाकीच्या अभ्यासातूनही लक्ष उडाले आहे. अभ्यासिकेतील सोबती म्हणतात, ‘तो पेपर कोणी अभ्यासत नाही, सगळेच पास होतात.’ एका क्लासने मात्र अठरा हजार रुपयांचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सुचवला असून त्यासाठी भाऊ उसने पैसे काढायला तयार आहे. निबंध आणि सारांशलेखन सोडून केवळ उताऱ्यावरील प्रश्न आणि व्याकरण यांवर पेपर काढता येईल का, आणि ‘इंग्रजी माध्यमाच्या मुलांसमोर माझा निभाव लागेल का’, असे त्यांनी विचारले आहे.

स. न.

तुमचे पत्र दोनदा वाचले, आणि त्यासोबत पाठवलेले सरावाच्या निबंधाचे पान त्याहून अधिक वेळा पाहिले. त्या पानाकडे येतोच. पण आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीची भीती त्यातूनच उगवलेली दिसते.

या पेपरात तुमचा सामना इंग्रजी माध्यमाच्या कोणाशीही नाही. हा पेपर 300 गुणांचा असला तरी केवळ पात्रतेचा आहे. त्यात 25 टक्के, म्हणजे 75 गुण मिळवायचे असतात आणि ते गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या उमेदवाराला 210 गुण मिळाले आणि तुम्हाला 96 मिळाले, तरी यादीच्या दृष्टीने दोघांची स्थिती सारखीच राहते. ही व्यवस्था जुनी आहे. भरतीपद्धतीचा विचार करणाऱ्या कोठारी समितीच्या शिफारशींनुसार 1979 पासून मुख्य परीक्षेची उत्तरे भारतीय भाषांतून लिहिण्याची मुभा मिळाली आणि त्याच आराखड्यात एक भारतीय भाषा व इंग्रजी असे दोन पात्रतेचे पेपर आले. 2013 च्या मार्च महिन्यात इंग्रजीचे 100 गुण गुणवत्तेत धरण्याचा बदल जाहीर झाला होता; त्यावर संसदेत आणि बाहेर एवढा गदारोळ झाला की त्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. तुमच्यासारख्या उमेदवारांचे नुकसान होईल हाच तेव्हाचा मुख्य आक्षेप होता, आणि तो मान्य झाला. तेव्हा जी स्पर्धा रद्द झालेली आहे, तिची धास्ती घेऊन तुम्ही रात्री जागत आहात.

दुसरे असे की, ‘माझा इंग्रजीशी कधी संबंधच आला नाही’ हे तुमचे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, आणि तुमच्या वयाचा हिशेब केला तर तुम्हीही पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या ठरता. ते कसे शिकवले गेले, शिक्षक किती वेळ वर्गावर होते, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. परंतु बारा वर्षे एखादी भाषा कानावर आणि डोळ्यांखालून गेल्यावर काहीच उरत नाही असे होत नसते. आयोगाच्या अभ्यासक्रमानुसार या पेपराची काठिण्यपातळी शालान्त परीक्षेची, म्हणजे आपल्या दहावीची आहे. तुम्ही मात्र तयारी करताना इंग्रजी दैनिकातील अग्रलेख शब्दकोश घेऊन वाचत आहात आणि दिवसाला चाळीस शब्द पाठ करत आहात. हे दहावीच्या पेपरासाठी एम.ए.चे पुस्तक घेऊन बसण्यासारखे झाले.

असे म्हटल्यावर तुमचे अभ्यासिकेतील सोबती खूश होतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द सांगतो. ‘सगळेच पास होतात’ हे खरे नाही, आणि खरे असते तरी त्याच्या भरवशावर बसण्यासारखी ही जागा नव्हे. दोन्ही भाषांच्या पेपरांत प्रत्येकी 25 टक्के गुण मिळाले, तरच निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय यांचे पेपर मूल्यमापनात घेतले जातात. इंग्रजीत 72 गुण मिळालेल्या उमेदवाराचा मराठीतला उत्तम निबंध मग वाचलाही जात नाही. मराठी वाङ्मयाचे पेपर अतिशय सुंदर लिहून या एका पेपरात अडकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना इंग्रजी येत नव्हते असे नाही; त्यांनी तीन तासांचा एकही पेपर आधी सोडवलेला नव्हता, इतकेच.

शिवाय वेळापत्रकाची एक खोच आहे. गेल्या काही वर्षांत निबंध आणि सामान्य अध्ययनाचे पेपर आधी होतात, मध्ये काही दिवस जातात आणि मग भारतीय भाषा व इंग्रजी हे दोन्ही पेपर एकाच दिवशी येतात. वैकल्पिक विषय त्याच्या दुसऱ्या दिवशी असतो. त्या मधल्या दिवसांत इंग्रजीचा अभ्यास करू असे सगळेच ठरवतात, आणि प्रत्यक्षात ते दिवस वैकल्पिक विषय खातो. म्हणून इंग्रजीची जी काही तयारी करायची, ती सामान्य अध्ययनाच्या पेपरांपूर्वीच आटोपलेली असली पाहिजे.

आता तुमच्या मुख्य बेताकडे वळू. पेपराची रचना तुम्हाला ठाऊकच आहे: निबंध 100 गुण, उताऱ्यावरील प्रश्न 75, सारांशलेखन 75 आणि शब्द-व्याकरण 50. निबंध सोडला तर उरलेल्या 200 पैकी 75, म्हणजे साडेसदतीस टक्के मिळवावे लागतात. निबंध आणि सारांश दोन्ही सोडले तर 125 पैकी 75 हवेत. म्हणजे आयोगाने 25 टक्क्यांवर ठेवलेली उत्तीर्णतेची रेषा तुम्ही स्वतःच्या हाताने 60 टक्क्यांवर नेऊन ठेवली. जे भाग सोपे म्हणून निवडले, त्यांत प्रथम वर्ग मिळवण्याची सक्ती तुम्ही स्वतःवर ओढवून घेत आहात. याउलट चारही भाग लिहिले आणि निबंधात 30, उताऱ्यात 35, सारांशात 25 व व्याकरणात 20 असे अगदी बेताचे गुण मिळाले, तरी बेरीज 110 होते. माझ्या मते तुमचे लक्ष्य 110 असावे. त्याहून अधिकाचा हव्यास या पेपरात परवडत नाही, कारण त्यावर जाणारा प्रत्येक तास सामान्य अध्ययनाच्या खात्यातून वजा होतो.

पण निबंध सोडण्यामागचे तुमचे खरे कारण गुणांचे नाही, ते त्या पानावर आहे. जलसंकटावरील निबंधाची तुमची सुरुवात अशी: ‘इन दिस एरा ऑफ प्लेथोरा ऑफ टेक्नॉलॉजिकल अपलिफ्टमेंट्स, वॉटर इज द साइन क्वा नॉन फॉर द सस्टेनन्स ऑफ मॅनकाइन्ड, विच आर डिप्लीटिंग डे बाय डे.’ या एका वाक्यात ‘प्लेथोरा’च्या (विपुलता) आधी लागणारा ‘अ’ राहिला आहे, ‘अपलिफ्टमेंट्स’ हा शब्द त्या अर्थाने वापरत नाहीत, आणि ‘विच आर’मुळे आटते आहे ते पाणी की मानवजात, हे कळत नाही. चाळीस शब्द रोज पाठ केल्याचे हे फळ आहे. मात्र त्याच्या वर, रेघ मारून खोडलेल्या दोन ओळी मला दिसल्या: ‘अवर व्हिलेज गेट्स वॉटर फ्रॉम अ टँकर. माय मदर वेट्स फॉर इट एव्हरी सेकंड डे.’ समासात तुम्ही स्वतःच ‘बालिश’ असा शेरा दिला आहे. या दोन ओळींत एकही चूक नाही. पेपरतपासनिसाला त्यांचा अर्थ पहिल्या वाचनात कळतो, आणि पुढे काय असेल याची उत्सुकताही वाटते. मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि गठ्ठ्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या. चाळिसाव्या उत्तरपत्रिकेवर आलेल्या तपासनिसाला ‘साइन क्वा नॉन’ (अत्यावश्यक गोष्ट) असे भारदस्त शब्द दिसले की तो चष्मा सावरतो आणि चुका शोधू लागतो, हे अनुभवाने सांगतो.

तुमची अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. तुम्ही मराठीच्या विद्यार्थिनी आहात, तुमचे मन लांब, वळणावळणाच्या, पोटवाक्यांनी भरलेल्या मराठी वाक्यात विचार करते, आणि ते वाक्य तसेच्या तसे उचलून इंग्रजीत ठेवू पाहते. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आपण वाक्य कितीही ताणले तरी शेवटी गाठ मारता येते. इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद लागते. ते लांबले की कर्ता एकवचनी होता की अनेकवचनी, हेच लिहिणारा विसरतो. म्हणून मराठी निबंधाच्या पेपरासाठी, जिथे 1000 ते 1200 शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात, तुम्ही कमावलेली शैली तिथेच ठेवा. इंग्रजी निबंध साधारण 600 शब्दांचा मागतात. सत्तर-ऐंशी शब्दांचे आठ परिच्छेद झाले की काम संपले. एका वाक्यात बारा ते पंधरा शब्द, आणि एका वाक्यात एकच क्रिया, एवढे बंधन पहिले चार आठवडे पाळून पाहा. विषय निवडताना, कोणत्या विषयावर आपण काहीतरी डोळ्यांनी पाहिले आहे, एवढेच स्वतःला विचारा. पाठ केलेली सुभाषिते आणि थोरांची अवतरणे टाळलेली बरी, कारण पाठ केलेले वाक्य आणि स्वतःचे वाक्य यांमधला सांधा लगेच दिसतो.

मराठीतून विचार करणाऱ्यांच्या चुका मोजक्याच असतात, आणि त्या ओळखीच्या झाल्या की निम्मे व्याकरण सुटते. आपल्या ‘जरी-तरी’च्या सवयीने ‘ऑल्दो ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट’ असे लिहिले जाते. इंग्रजीत दोहोंपैकी एकच अव्यय पुरते. ‘मी सकाळपासून वाचत आहे’ याचे आपण ‘आय ॲम रीडिंग सिन्स मॉर्निंग’ करतो, तिथे ‘आय हॅव बीन रीडिंग’ हवे. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ येते, ज्यात ‘अबाउट’ला जागा नाही. ‘वन ऑफ माय फ्रेंड’मध्ये अनेकवचन राहते, ‘इन्फर्मेशन’ला उगाच ‘एस’ लागतो, आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही मंडळी तर मराठीत नसल्यामुळे आपल्याला दिसतच नाहीत. एका वहीत डावीकडे स्वतःची चूक आणि उजवीकडे दुरुस्त वाक्य, एवढेच लिहीत जा. तीन आठवड्यांत लक्षात येईल की तुम्ही त्याच सात-आठ चुका फिरून फिरून करता. वाक्ये दुरुस्त करण्याचे आणि क्रियापदाचे योग्य रूप लिहिण्याचे प्रश्न साधारण याच जागांवर बोट ठेवतात. वाक्प्रचार आणि विरुद्धार्थी शब्द यांसाठी मागील प्रश्नपत्रिका पुरेत. त्यासाठी स्वतंत्र पुस्तक घेऊ नका.

उताऱ्यावरील प्रश्न तुम्हाला सोपे वाटतात. ते आहेतही, पण मुख्य परीक्षेच्या उमेदवारांना तिथे एक विशेष व्याधी जडते. समजा, उताऱ्यात लेखक म्हणतो की शेतकऱ्यांचे मातीविषयीचे पारंपरिक ज्ञान लोप पावले, कारण ते त्यांना कोणी विचारलेच नाही. आणि प्रश्न येतो, हे ज्ञान का लोप पावले? सामान्य अध्ययनाच्या टिपणांनी डोके भरलेला उमेदवार लगेच रासायनिक खते, स्थलांतर, हरित क्रांती असे मुद्दे लिहितो. ते सगळे मुद्दे कदाचित खरे असतील, पण उताऱ्यात ते नाहीत, आणि म्हणून उत्तर चुकले. लेखकाचे मत आपल्याला पटत नसले तरी उत्तरात त्याचेच मत आले पाहिजे. आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा, आणि उत्तर ज्या वाक्यात दडले आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून ते स्वतःच्या तीन-चार साध्या वाक्यांत लिहावे. रेघ ओढायला वाक्य सापडले नाही, तर आपण उताऱ्याबाहेर गेलो आहोत असे समजावे.

सारांशलेखन तुम्ही ज्या भीतीने सोडू पाहता ती मला सर्वांत अनाठायी वाटते, कारण इथे तुम्हाला काहीही सुचावे लागत नाही. मजकूर समोर असतो, तो साधारण एक-तृतीयांश करायचा असतो. प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर ‘याला एवढेच म्हणायचे आहे’ असे एक वाक्य कच्च्या जागेत लिहा, हवे तर आधी मराठीत. मग मूळ उतारा हाताने झाका आणि केवळ त्या वाक्यांवरून सारांश इंग्रजीत लिहा. उदाहरणे, आकडे, पुनरुक्ती आपोआप गळतात. उतारा झाकणे महत्त्वाचे आहे; तो दिसत राहिला की त्यातलीच वाक्ये कापून चिकटवण्याचा मोह होतो, आणि सारांश स्वतःच्या भाषेत असावा अशी तर सूचनाच असते. शीर्षक देऊ नका असे म्हटले असेल तर देऊ नये, स्वतःचे मत घालू नये, आणि शब्दसंख्या मोजावी. शब्दमर्यादेहून बरेच लांब किंवा आखूड लिहिल्यास गुण कापले जाऊ शकतात.

वेळेची वाटणी मी अशी सुचवीन: उताऱ्याला 40 मिनिटे, व्याकरणाला 30, सारांशाला 45, निबंधाला 55, आणि शेवटची 10 मिनिटे फक्त वचन, काळ आणि ‘अ-द’ तपासण्यासाठी. निबंध शेवटी ठेवण्याचे कारण असे की तोवर दीड-दोन तास इंग्रजीच वाचत-लिहीत असल्याने हात मोकळा झालेला असतो. काहींना निबंध आधी लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी तसे करावे, पण घड्याळाकडे पाहून.

क्लासचे काय करायचे? अठरा हजार रुपये उसने काढण्याइतके मोल या पेपराला आज तरी देऊ नये असे माझे मत आहे. तुम्हाला शिकवणाऱ्याची नव्हे, तपासणाऱ्याची गरज आहे. गावातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारे किंवा निवृत्त झालेले सर किंवा मॅडम आठवड्यातून एक पेपर तपासून द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत. उलट अशा कामाची त्यांना अपूर्वाई वाटते. आयोगाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. येत्या रविवारपासून दर आठवड्याला एक पेपर, तीन तास, शाईच्या पेनाने किंवा जे परीक्षेत वापरणार त्याने, कागदावर सोडवा. मोबाइलवर लिहू नका; तो आपल्या चुका गुपचूप दुरुस्त करतो आणि आपल्याला इंग्रजी येते असा गैरसमज करून देतो. एरवीच्या दिवशी चाळीस मिनिटे पुरेत: एक दिवस उतारा, एक दिवस सारांश, एक दिवस निबंधाचे दोन परिच्छेद, आणि रोज ती चुकांची वही. अग्रलेखांऐवजी नववी-दहावीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके पुन्हा वाचा, आणि मोठ्याने वाचा, घरातले हसले तरी.

चौथ्या रविवारीही बेरीज 75 च्या आसपास घुटमळत असेल, तर पैसे खर्च करायला हरकत नाही. मात्र तेव्हाही पूर्ण अभ्यासक्रम न घेता केवळ उत्तरपत्रिका तपासून देणारी छोटी टेस्ट सिरीज शोधावी. भावाला तेवढेच सांगून ठेवा.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या वाचकांनीही हे सारे स्वतःसाठी वाचावे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली असून तिथेही मराठी आणि इंग्रजी हे 300 गुणांचे, 25 टक्के पात्रतेचे पेपर आहेत. वर्षानुवर्षे बहुपर्यायी प्रश्नांचे गोळे रंगवण्याची सवय झालेल्या उमेदवारांना सहाशे शब्द सलग लिहिणे हेच आधी नव्याने शिकावे लागेल, मग ते इंग्रजीत असोत वा मराठीत.

पहिल्या रविवारी जलसंकटाचाच निबंध पुन्हा लिहा, आणि त्याची सुरुवात त्या खोडलेल्या दोन ओळींनी करा. टँकर किती वाजता येतो, रांग कुठून लागते, आई पहिले भांडे कुठले भरते, हे पुढच्या पाच-सहा वाक्यांत येऊ द्या. धरणे, भूजल आणि पीकपद्धती यांचे मुद्दे दुसऱ्या परिच्छेदापासून आपोआप मागे येतील. आणि एक सांगायचे राहिले. मराठीत आपण टँकरची वाट पाहतो, त्यामुळे ‘वेट’नंतरचा ‘फॉर’ पुष्कळांचा सुटतो, आणि आईसाठी लागणारा ‘एस’ तर त्याहून अधिक जणांचा. तुमच्या खोडलेल्या ओळीत दोन्ही जागच्या जागी आहेत.